टेकलेली गाय

॥ श्री ॥

दुर्गाघाट, काशी
१९ जुलै १९७१

ती. सौ. सुमेधाताईस,
धाकट्या शरदिनीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल. गंगा वाढली आहे, घरात एक कपडा धड वाळत नाही, आणि ह्यांना बँकेत जाताना ओलसर धोतर की ओलसर पँट, एवढीच निवड उरली आहे.

आता मुद्द्याचं. लग्नाआधी तुझ्या नागपूरच्या क्लासात मी कापडावर रंगवायला शिकले, हे इथे कुणाच्या गावीही नव्हतं. परवा सहज ह्यांच्या उशीच्या अभ्र्यावर दोन पोपट काढले. ते शेजारच्या पद्माने पाहिले आणि दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणींचा घोळका घेऊन आली. सगळ्यांचं एकच, भाभी, आम्हालाही शिकवा. ताई, मला रडू आलं गं. या घरात मी स्वयंपाकाला आणि हरवलेला चष्मा शोधायला उपयोगी पडते. मला काही येतं, असं इथे पहिल्यांदाच कुणाला वाटलं.

क्लास काढायचा तर मामंजींची परवानगी हवी. तुला माहीतच आहे, ते रामघाटावरच्या पाठशाळेत वेद शिकवतात. विद्यार्थी भिंतीला पाठ टेकून बसलेला दिसला की त्याची धडगत नसते. ते स्वतः पठणाला बसून आजवर कशालाही टेकलेले नाहीत. हे सगळ्या घाटाला ठाऊक आहे, कारण ते स्वतःच सांगतात.

त्यांनी पोपट निरखून पाहिले आणि निकाल दिला. गोकुळाष्टमीला देवामागे लावायला कृष्ण आणि गाय असा पडदा कर. चारचौघांत शोभला तर क्लास काढ, नाही तर रंगांचा डबा माळ्यावर. एवढं मोठं कापड मी कधी रंगवलेलं नाही. सगळं नीट लिहून पाठव.

लोभ कच्च्या रंगाचा नसावा.

तुझी,
शरदिनी

॥ श्री ॥

नागपूर
२६ जुलै १९७१

चि. सौ. शरदिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आम्ही सगळे हसलो. उल्हासराव पोपटांवर डोकं ठेवून झोपतात, तर झोपेत पेरू मागतात का, ते कळव.

कापडावर रंगवणं हा काही माझ्या क्लासात लागलेला शोध नव्हे, हे शास्त्रीबुवांच्या कानावर घाल. नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींच्या मागे असेच रंगवलेले पडदे लावतात, त्यांना पिछवाई म्हणतात. सण बदलला की पडदा बदलतो. आंध्रात तर बांबूच्या कलमाने कापडावर रामायणातले प्रसंग काढतात, आणि रंग पसरू नये म्हणून आधी ते हिरडा घातलेल्या म्हशीच्या दुधात बुडवतात. तू म्हशीच्या फंदात पडू नकोस. आपले ट्यूबमधले रंग बरे.

आधी कापडाची खळ धुऊन काढ. खळ राहिली तर रंग आत मुरत नाही, वरच्यावर राहतो आणि पापुद्रे निघतात. खाली पुठ्ठा आणि टीपकागद ठेव. रंग पातळ करायला पाणी ओतू नकोस, त्यासाठी मिळणारं मीडियम घाल. कृष्णाचा निळा एकदम थापू नकोस, पातळ हात दे, वाळू दे, मग दुसरा दे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रंग खडखडीत वाळला की उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरव. उष्णतेशिवाय तो पक्का होत नाही. तोवर त्याला पाण्याचा थेंब लागू देऊ नकोस.

गाईला पाय चारच काढ. तुझी परीक्षेतली गाय मी विसरलेले नाही.

तुझ्यावरची माया इथे सुखरूप आहे, काळजी नसावी.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

दुर्गाघाट, काशी
१० ऑगस्ट १९७१

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पडदा झाला. कृष्ण गाईला रेलून बासरी वाजवतो आहे. गाय अगदी मनासारखी उतरली आहे, पाय चार, मीच दोनदा मोजले. हे म्हणतात की तिचा चेहरा थोडा तुझ्यावर गेला आहे. मी कानाडोळा केला, पण तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

इस्त्री मात्र अजून व्हायची आहे. सासूबाई अंबिकाबाई कशा सोवळ्याच्या, तुला ठाऊक आहे. धोब्याची इस्त्री देवाच्या कापडाला चालणार नाही, असं त्यांनी मला हळूच बजावलं. मग मी पितळी तांब्यात निखारे घालून तोच फिरवायचं ठरवलं आहे. पण या हवेत निळा अजून हाताला लागतो. अष्टमीच्या सकाळी तो नक्की वाळलेला असेल.

पद्मा रोज येऊन पडदा पाहून जाते आणि मला आत्ताच गुरुजी म्हणते. फार बरं वाटतं, आणि भीतीही.

माझ्यासाठी देवाजवळ दिवा लाव आणि लोभ पातळ करू नकोस.

तुझी,
शरदिनी

॥ श्री ॥

दुर्गाघाट, काशी
१४ ऑगस्ट १९७१

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

घोटाळा झाला. पहिल्यापासून सांगते.

अष्टमीच्या सकाळी मी तांब्यात निखारे भरून आले, तर पडदा जागेवर नाही. नवं कापड देवाकडे जायचं तर ते आधी सोवळ्यात भिजवून वाळवायचं, ही या घराची रीत. सासूबाईंनी पहाटेच प्रेमाने तो पाण्यातून काढला होता आणि हवा लागावी म्हणून ओसरीवरच्या भिंतीला टांगला होता. मी धावले. देवाची कृपा, रंग ओघळले नव्हते, नुसते ओले झाले होते. आता हात लावला तर सगळंच पसरेल, म्हणून मी तो तसाच वाळू दिला. ओसरीवर मामंजी पठणाला बसतात, हे त्या धांदलीत माझ्या लक्षातच आलं नाही.

ते दुपारी पाटावर येऊन बसले, नेमकी पडद्यावरच्या गाईकडे पाठ करून. उपास होता, वर कुंद हवा. काही वेळाने पठण थांबलं. सासूबाईंचं म्हणणं त्यांचा डोळा लागला, मामंजींचं म्हणणं अर्थाचं चिंतन चाललं होतं. इतक्यात राजाघाटच्या यजमानांचा निरोप आला. ते दचकून उठले आणि अंगावरच्या पांढऱ्या उपरण्यानिशी तसेच निघाले.

संध्याकाळी परतले ते अगदी खुशीत. गल्लीत लोक वाट देत होते, मागे वळावं तर हात जोडून उभे. विश्वेश्वर दूधवाला तर म्हणाला, पंडितजी के पीछे तो साक्षात गऊमाता चल रही हैं. मामंजींनी त्याला भरघोस आशीर्वाद दिला, आणि काशीत विद्येची कदर अजून शिल्लक आहे, असं आम्हाला सांगत ते देवघराकडे वळले. तेव्हा त्यांची पाठ आम्हाला दिसली.

ताई, अख्खी गाय. डोळे, घंटा, चारही पाय, फक्त तोंड उलट्या दिशेला. इकडे पडद्यावर गाईच्या जागी पांढुरका डाग राहिला आणि कृष्ण बिचारा हवेला रेलून उभा. हे हसू दाबायला कोठीघरात पळाले. सासूबाईंनी उपरणं उतरवून त्यांच्यापुढे धरलं. मामंजींनी ती गाय निरखून पाहिली. मग शांतपणे म्हणाले, "मी टेकलो नाही. गाय टेकली."

त्यानंतर क्लासचा विषय त्यांनी काढलेला नाही. पडदा तसाच लावला, पण शोभला म्हणावं तर कशाच्या जोरावर? उपरणं त्यांच्या खोलीत आहे. सासूबाई धुवायला मागतात, ते देत नाहीत. पुरावा म्हणून ठेवलं असावं. मी रंगांचा डबा बांधून ठेवला आहे. पद्माला काय सांगू, कळत नाही. आज फार वाईट वाटतं आहे, ताई.

निदान तुझा तरी लोभ राहू दे.

तुझी,
शरदिनी

॥ श्री ॥

रामघाट, काशी
श्रावण वद्य एकादशी, शके १८९३

चि. सौ. सुमेधा हिस,
नरहरशास्त्री यांचे अनेक आशीर्वाद.

मी तुला प्रथमच लिहीत आहे, व हे पत्र घरात कोणास दाखविलेले नाही. तूही दाखवू नयेस.

सूनबाईने डबा बांधून ठेवला आहे, असे कळले. तो आज सोडण्यास सांगेन. तिने काढलेली गाय पाहून भर गल्लीत माणसे हात जोडतात, मग काम शोभले नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? गणपती झाले की क्लास आमच्याच माडीवर सुरू होईल. अट एकच, मुलींनी भिंतीला टेकून बसू नये. भिंतीवर काय वाळत असेल, सांगता येत नाही.

आता माझे काम. तुझ्या शास्त्रात उलट बाजूने इस्त्री फिरविल्याशिवाय रंग पक्का होत नाही, असे ऐकतो. उपरण्यास अद्याप पाणी लागू दिलेले नाही. तरी इस्त्री किती गरम असावी व किती वेळ फिरवावी, ते खुलासेवार लिहावे. तांब्या व निखारे यांची व्यवस्था मी करीन. उत्तर पाठशाळेच्या पत्त्यावर टाकावे.

हा हट्ट कशासाठी, असे तुला वाटेल, म्हणून सांगतो. या गल्ल्यांतून हिंडण्यात माझा जन्म गेला. समोरून नमस्कार सगळेच करतात, व पाठ फिरल्यावर काय बोलतात तेही मला ऐकू येते. माझ्या पाठीस कोणी हात जोडले, असे या वयात प्रथमच घडले. तो नमस्कार गाईला होता, हे मी समजतो. तरी फार बरे वाटले.

उत्तर लवकर यावे, व या वृद्धाविषयी ममता बाळगावी.

नरहरशास्त्री