चिंचेच्या खोडातल्या तीन खुंट्या

अप्पा, काल गंगापूर रोडवरच्या तुमच्या चिंचेला मी बऱ्याच वर्षांनी हात लावला. तुमची म्हणायचं ते सवयीनं. बागखात्यात तुम्ही जन्मभर झाडं तपासलीत, त्यामुळे रस्त्यावरचं प्रत्येक मोठं झाड आपल्या घरी तुमचंच असायचं. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आता तेच काम मी करते. रस्ता रुंद होतोय आणि चिंच ठेवायची की पाडायची, हे माझ्या सहीवर होतं.

सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचात. गोदेकडून धुकं वर येतंय, आणि तुम्ही खोडाला गिरमिट लावून सावकाश फिरवताय. आतून ओलसर, तांबूस भुसा येतो. तो माझ्या तळहातावर ठेवून डोळे मिटायला सांगता. आंबूस वास आला तर आत बुरशी, नाहीतर झाड खणखणीत. मला त्या वासानं नुसती झोप यायची. मग भोकात बाभळीची खुंटी ठोकून वर शेणमाती लिंपायचात. झाडाला दुखत नाही का, असं मी एकदा विचारलं. "कान टोचल्यावानी हाय ते," तुम्ही म्हणालात, "दुखत नाय." चिंचेवर तुमचा फार जीव, म्हणून तिला तीनदा तपासलंत.

आता गिरमिट नाही. सालीत टाचणीएवढे खिळे लावायचे आणि त्यांवर हलकेच टकटक करायची. चांगल्या लाकडातून आवाज झटकन पलीकडे जातो, कुजलेल्यातून रेंगाळतो, आणि त्यावरून यंत्राच्या पडद्यावर खोडाचं पोट दिसतं. तुम्हाला हे दाखवायला हवं होतं, असं मनात येतंय तोवर चित्र उमटलं. कूज सुरू झाली होती ती बरोब्बर तुमच्या खुंट्यांपासून. तीन खुंट्या, तीन डाग. बुरशीला वाट तुम्हीच करून दिलीत, अप्पा. मी तिथेच कट्ट्यावर बसले. वाईट वाटलं, तुमचा रागही आला, आणि राग आल्याचं जास्तच वाईट वाटलं. भोवतीचं लाकूड मात्र अजून जाड आहे. चिंच पाडू नये, असं मी लिहून दिलंय.

ही भोकं कोणी पाडली, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही." तुम्ही असतात तर स्वतःच पुढे होऊन सांगितलं असतंत आणि चार दिवस धड जेवला नसतात. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, याचं मला आज बरं वाटतंय.