न कापलेली घडी

ता. ३ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. प्रवेश परीक्षेत दुसरी आलेल्या पोरीला गुणांवर एकही शिष्यवृत्ती नाही? त्या कॉलेजची माहितीपुस्तिका आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात याच हातांनी बांधली मी. पोहण्याच्या तलावाला चार पानं! वीस तारखेपर्यंत फी भरता आली नाही तर जागा सोडून दुकानात चिकटेन म्हणतेस. खबरदार! प्राचार्यांना आजच पत्र टाकलंय, पार सालटी काढली आहेत. तुझ्या आईला कळवू नकोस, ती माझी काढेल.

सातवीत शाळा सुटलेल्या माणसाचं शुद्धलेखन चालवून घे, आणि माया असू दे.

मामा

ता. ९ जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

मी रागावले आहे आणि लपवणार नाही. काल प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर तुमचं पत्र. हे दरोडेखोर म्हणजे आम्हीच का, असं विचारून त्यांनी पुस्तिका उघडली आणि पान सेहेचाळीसवर बोट ठेवलं. गुणवत्ता शिष्यवृत्त्या, एकूण अकरा. मुदत पंधरा जून.

खोलीवर येऊन माझी प्रत पाहिली. पंचेचाळीसनंतर थेट अठ्ठेचाळीस. ते पान जाड लागायचं, पण मला वाटलं तुमचा कागदच दणकट. पानांच्या बाहेरच्या कडेची घडी कापलेलीच नाही, मामा! मधली दोन पानं पाकिटासारखी बंद. बाद ढिगातली प्रत, वाचायला काय वाईट, म्हणून दिलीत ना? दोन महिने मी कचेरीचे उंबरे झिजवले आणि उत्तर माझ्या उशाशी. आता सहा दिवसांत दोन शिक्षकांच्या शिफारशी मिळवायच्या, तेही तुमचं पत्र कॉलेजभर झालेलं असताना.

मी कितीही भांडले तरी तुमचा लोभ आटू देऊ नका. मला तो लागतो.

भिंगरी

ता. ११ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

बोललीस ते बरं केलंस. चाळीस वर्षं सुरी चालवतोय आणि भाचीचंच पान कापायचं राहिलं. प्राचार्यांची माफी मागितली, पण दरोडेखोर म्हटल्याची तेवढीच. दुसरी आलेली मुलगी दोन महिने कचेरीच्या खिडकीपाशी उभी राहते आणि पान सेहेचाळीस बघ एवढं कारकुनाच्या तोंडून निघत नाही, हा राग मी मागे घेणार नाही. तसं लिहिलंय.

आणखी एक. त्याच ढिगातल्या सहा प्रती कारखान्यातल्या लोकांनी आपापल्या पोरांसाठी नेल्या होत्या. काल दुपारी सुरी घेऊन सहाही घरी गेलो. सगळ्यांची घडी बंद! त्यातल्या दोघींना तुझ्याच कॉलेजात जागा मिळाली आहे. त्या, आमच्या पुस्तकं शिवणाऱ्या शिलाईवालीची आणि हमालाची मुलगी, परवा अर्ज घेऊन तुझ्याकडे उतरतील. तुझ्याच ताटाला वाटेकरी धाडले म्हणून आणखी रागावशील. रागाव. पण त्यांना खिडकी दाखव.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

मामा

ता. १९ जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

मला मिळाली. शिलाईवालीच्या मुलीलाही. हमालाच्या मुलीचं नाव थोडक्यात राहिलं, म्हणून आम्ही तिघी रोज खिडकीपाशी जाऊन कारकुनाचं डोकं खातो. काल तो म्हणाला, त्या पत्रवाल्या मामांवर गेलीस अगदी.

पान सेहेचाळीस आता त्या खिडकीवरच डकवलंय. कुणीतरी हातानेच फाडलंय, कड वाकडीतिकडी आहे. मी अजून थोडी रागावलेलीच आहे.

सुरी घेऊन या.

तुमची भिंगरी