सतरा नंबरचा चिमटा

रवि. ११ जाने.

दुपारी जेवलो नाही. बायकोला, सु.ला, सांगितलं पित्त झालंय. तिनं लगेच आल्याचा काढा करून पुढं ठेवला, तोही प्यावा लागला. बरं झालं.

क्लबच्या मैदानावर बशीरभाईंचं रेडिओवर उडवायचं छोटं विमान पडलं. पिवळं, दुहेरी पंखांचं, स्वतःच्या हातानं केलेलं. वर्षभर खपले होते त्यावर. दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या वळणाला एकदम नाक खाली, आणि सरळ जमिनीत. कुंपणापलीकडं जागामालक पाटलांची आई, अव्वा, म्हैस चारत होती. तिच्यापासून आठ-दहा पावलांवर पडलं. म्हैस उधळली, अव्वा तिथंच खाली बसली. लागलं कुणाला नाही. नशीब म्हणायचं. कुणाचं ते माहीत नाही.

ब. धावले ते आधी अव्वाकडं. मोडलेल्या विमानाकडं बघितलंसुद्धा नाही. तिचे पाय धरले. "माझंच चुकलं अव्वा. हात हलला माझा."

मी तिथं होतो. ऐकलं. क्लबचा सुरक्षा प्रमुख मी, म्हणून नोंदवहीही मीच लिहिली. 'कारण : चालकाचा ताबा सुटला.' खाली सही. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं.

बाकीचं उद्या लिहीन. लिहिलं तर.

सोम. १२ जाने.

लिहून टाकतो. ही वही सु. उघडत नाही.

जुन्या रेडिओंची गोष्ट अशी की एकाच नंबरचे दोन चालू झाले, की वरचं विमान कुणाचंच ऐकत नाही. म्हणून आमच्या मैदानावर फळी. फळीला कपड्यांचे लाकडी चिमटे, त्यांवर रंगानं नंबर. उडवायचं असेल त्यानं आपल्या नंबरचा चिमटा काढून सदऱ्याला लावायचा. फळीवर चिमटा नाही, तर रेडिओला हात लावायचा नाही. नुसतं 'चालतोय का बघू' म्हणूनही नाही. फळी मीच रंगवली. नियमही माझाच. साताऱ्याचे एक पाहुणे चिमटा न घेता बटण दाबून बसले होते, तर त्यांना अख्खा महिना कुंपणाबाहेर बसवलं होतं मी. वर भाषण ठोकलं ते वेगळंच.

आता ब. सोडून सगळ्यांकडं नवे रेडिओ. ते एकमेकांच्या आड येत नाहीत. फळीवर एकच चिमटा उरलाय, सतरा नंबर. ब.चा. माझ्याकडं जुना रेडिओ आहे त्याचाही नंबर सतराच. दोघांनी बरोबरच घेतले होते. त्या दिवसांत एक उडवायचा, दुसरा शेजारी उभा राहून वारा सांगायचा.

काल मी गाडीत बसून त्या जुन्या रेडिओत नवे सेल घातले. काटा चढतो का बघायला बटण दाबलं. पाच सेकंद. फार तर सहा. नव्या रेडिओची सवय, फळीकडं बघायचं सुचलंच नाही. काटा चढला. बरं वाटलं मला. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा.

रेडिओ डिकीत नेऊन स्टेपनीखाली सारला. मग धावलो. क्रम नीट लिहून ठेवतो : आधी लपवला, मग धावलो.

बुध. १४ जाने.

संक्रांत. दर वर्षीसारखा तिळगूळ घेऊन उद्यमनगरात ब.च्या शेडवर गेलो. जाऊ नये असं फार वाटत होतं. पण नाही गेलो तर त्यांना संशय येईल, हा विचार करून गेलो. असला माणूस झालोय.

शेड गप्प. एरवी बाहेर रस्त्यापर्यंत करवतीचा आवाज येतो. बँडसॉवर पोतं टाकलेलं. फौंड्रीवाल्यांचा लाकडी पॅटर्न, साच्याचा नमुना, करायला आला होता, तो परत पाठवलाय म्हणाले. "एका सुताचा फरक पडला तर सगळं ओतकाम वाया जातंय. आन् बोट गेलं तर ते येगळंच."

मग उजवा हात माझ्यापुढं धरला. बोटं पसरून.

"बघा मास्तर. हलतोय का न्हाय?"

बघितलं. हलत नव्हता. चाळीस वर्षं छिन्नी धरलेला हात, भिंतीसारखा स्थिर. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडातून काय निघालं? "वयाप्रमाणं थोडंफार असायचंच, बशीरभाई."

त्यांनी मान हलवली. हात खिशात घातला.

शरम वाटते. दुसरा शब्द नाही.

रवि. १८ जाने.

पहिल्या उड्डाणाआधी सगळ्यांना गोळा करून नियम वाचायचे, ही आमची पद्धत. वाचायचा मान माझा. डोक्यावरून उडवायचं नाही. म्हशी, माणसं, रस्ता यांच्या बाजूला वळायचं नाही. प्रत्येक चालकाजवळ एक माणूस. चिमट्याचा नियम आज गाळला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाटील येऊन गेले. "परत असं झालं तर नांगर घालतो बघा मैदानात. आई हाय माझी ती, म्हैस न्हवं."

अध्यक्ष चौगुलेंनी ठरवलं : ब.नी माझ्यासमोर चाचणी द्यायची, मी पास करेपर्यंत उड्डाण बंद. मी म्हटलं, एवढं कशाला, जुना माणूस आहे. तर म्हणाले, "नियम म्हंजे नियम. तुमीच शिकीवलंय की आमाला."

ब. आले नव्हते.

गुरु. २२ जाने.

भाभींचा फोन. ब. डॉक्टरकडं जाऊन आले. डॉक्टर म्हणाले काही नाही. तर यांनीच हटून गोळ्या लिहून घेतल्या. स्कूटर विकायला काढलीय. "रिक्षानं फिरत्यात. चमच्यानं भात खायला लागलेत मास्तर, हातानं सांडतंय म्हनून. सांडत न्हाय काय न्हाय. तुमी सांगा की जरा. तुमचं ऐकत्यात."

माझं ऐकतात. तेच तर झालंय.

सांगतो म्हटलं. फोन ठेवून बाजारात गेलो, भाजी आणली. दोन वेळा कोथिंबीर आणली.

रवि. २५ जाने.

चाचणी झाली. माझं शिकाऊ विमान, माझा नवा रेडिओ. ब. इस्त्रीचा सदरा घालून आलेले. परीक्षेला आल्यासारखे. माझ्यासमोर. तिथंच स्वतःला गाडून घ्यावंसं वाटलं.

उड्डाण सुरेख. पहिली फेरी, दुसरी. तिसऱ्या वळणाच्या आधी त्यांच्या कपाळावर घाम दिसला. "घ्या मास्तर, घ्या, घ्या." विमान वर असताना रेडिओ माझ्या हातात कोंबला. मी उतरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी!

"नापास लिवा."

"वारा होता, बशीरभाई."

फळीशेजारचा, वारा दाखवणारा कापडी पट्टा सरळ खाली लोंबत होता. त्यांनी पट्ट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

नोंदवहीत काही लिहिलं नाही. पुढच्या वेळी बघू म्हणालो. ते म्हणाले, पुढची येळ न्हाय.

गुरु. २९ जाने.

चाक पंक्चर. सु. बरोबर होती. स्टेपनी काढली, रेडिओ बाहेर आला. "हे इथं का?" म्हणाली. रस्त्याकडेला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांगताना रडायला आलं. पुसायला फडकं तेवढं ग्रीसचं.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

बस्स. एवढंच. घरी आल्यावर चहा मात्र दिला.

शनि. ३१ जाने.

सांगितलं.

सकाळी अकराला शेडवर. ब. छिन्न्या तेलाच्या फडक्यात गुंडाळत होते. भाच्याला देणार म्हणाले, शिरोळला असतो, त्याला सुतारकामाची आवड. मी बसलो नाही. उभ्यानंच बोललो. गाडी, सेल, बटण, स्टेपनी, नोंदवही. सगळं. मधेमधे 'म्हणजे काय झालं' असं तीनदा म्हणालो.

ते छिन्नी गुंडाळायचे थांबले नाहीत.

"किती शेकंद?"

"पाच. सहा."

"तिसऱ्या वळणाला."

"हो."

"आन् मी अव्वाचं पाय धरलं, तवा तुमी कुठं हुतासा?"

"शेजारी."

"संक्रांतीला हात दावला तुमास्नी. वय झालं म्हनला."

"हो."

भाभी चहा घेऊन आल्या. त्यांना काही कळलं नव्हतं, हसून कप पुढं केला. ब. म्हणाले, "मास्तरास्नी घाई हाय." इतक्या वर्षांत त्या शेडमधून चहा न पिता पहिल्यांदा बाहेर पडलो. माफी मागितली का? मागितली असं वाटतंय. पण नक्की आठवत नाही. 'चुकलं' म्हणालो. 'माफ करा' म्हणालो नाही बहुतेक.

रवि. १ फेब्रु.

मैदानावर सगळ्यांपुढं सांगितलं. नियम वाचायच्या वेळीच. नोंदवहीतली माझी ओळ खोडली, खाली खरं लिहिलं, सही केली. यावेळी अक्षर वाकडं. पद सोडतो म्हणालो.

तयारी करून गेलो होतो. शिव्या खाईन, बाहेर काढतील. तर चौगुले म्हणाले, "होतंय की मास्तर. एवढं काय मनाला लावून घेताय?" कुणीतरी पाठीवर थाप मारली. दुसरा कुणी मिळेपर्यंत पद सांभाळा म्हणाले. पाच मिनिटांत पहिलं विमान वर. मला राग आला सगळ्यांचा. एवढं सोपं होतं तर एकवीस दिवस मी काय करत होतो?

मग अव्वाकडं गेलो. कुंपणाजवळ गवत कापत होती. तिलाही सांगितलं. रेडिओ, नंबर वगैरे नाही. विमान माझ्यामुळं पडलं, एवढंच.

"तू व्हय रं त्यो?"

"हो अव्वा."

"त्या भल्या माणसानं माजं पाय धरलं. आन् तू बगत हुबा हुतास."

वाकलो, तर तिनं पाय मागं घेतले. विळा उचलला आणि गवत कापायला लागली. तिचं बरोबर आहे. आज पहिल्यांदा कुणीतरी मला योग्य ते बोललं.

बुध. ४ फेब्रु.

ब.ना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला नाही. माफी मागायला जायचं, पण ती माझ्या पोटातली आग विझवायला की त्यांच्यासाठी, हे ठरेना. सु. म्हणाली, ठरवत बसू नका, माणूस बोलावेल तेव्हा जा.

नाही बोलावलं तर?

शनि. ७ फेब्रु.

बोलावलं. भाभींच्या फोनवरून, एकच वाक्य. "मास्तर, जरा शेडवर या."

गेलो. भाभी दारात बसलेल्या. यावेळी हसल्या नाहीत. त्यांना कळलंय. आत बँडसॉवरचं पोतं काढलेलं. खाली फळीचे तुकडे, सात-आठ, सगळ्यांवर पेन्सिलीची रेघ. एकही रेघेवर कापलेला नाही.

ब. रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुमी सांगितलं ते बरं केलं," म्हणाले. "हिला म्हनलं, चला, आपला हात चांगला हाय. मशीन लावलं. रेघ मारली, फळी सारली. पात्यापाशी गेलो आन् हात हलला." हात पुढं धरला. खरंच हलत होता. बारीक, पण हलत होता. "आधी हलत नव्हता मास्तर. आता हलतोय. चूक तुमची हुती ते समजलं मला. पर ह्येला कोन सांगनार?"

माफ करा म्हणालो. यावेळी नक्की म्हणालो, आठवतंय. ते "हां" म्हणाले, जणू मी वेळ किती झाली ते सांगितलं होतं.

मग नवी फळी घेतली. पट्टी ठेवून रेघ मारली. दुसरं टोक धरायला मला खुणावलं.

"बोलू नगा काय. नुसतं धरा."

धरलं. मशीन सुरू झालं. फळी हळूहळू पुढं सरकत होती, त्यांचे डोळे रेघेवर, माझे त्यांच्या बोटांवर. भाभी दारातून उठून आत आल्या. फळी अर्धी झाली असेल, ब.नी बटण बंद केलं. पातं फिरायचं थांबेपर्यंत तिघंही तसेच उभे.

खाली वाकून त्यांनी काप बघितला. बराच वेळ बघितला. मला माझ्या बाजूनं दिसत नव्हता, आणि विचारायचा धीर झाला नाही.

"सोमवारी येताय का?" म्हणाले.

येतो म्हटलं. अर्धी कापलेली फळी त्यांनी तशीच मशीनवर राहू दिली.