गच्चीची किल्ली

बमरोली, सुरत
ता. ११ फेब्रुवारी २०२५

ती. कमलताईस,
सुभद्राचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलले की हर्षदा ऐकते, म्हणून पत्र. मोरीत पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. डावं आहे, म्हणून लिहिता तरी येतंय. डॉक्टर म्हणाले, वय चव्वेचाळीस आणि हाडं सत्तरीची. काम काय करता, असं त्यांनी विचारलं. घरी साड्यांना टिकल्या चिकटवते, म्हटलं. दार-खिडकी उघडली तर टिकल्या उडतात, गोंदावर धूळ बसते. म्हणून सकाळी आठ ते संध्याकाळी सात ट्यूबलाइटखाली. ऊन घ्या, दूध घ्या, असं सांगून त्यांनी गोळ्या दिल्या.

आमच्या घरमालकीण मंगलाबाई साठीच्या. दिवाळीत जिन्यावरून पडल्या, नुसतं खरचटलं. त्यांची सकाळ गच्चीवर जाते.

माझं होईल काहीतरी. पण माझ्या जागेवर आता हर्षदा बसते. सतरा वर्षांची पोर उठताना गुडघे धरते. डॉक्टरांनी तिलाही ऊन सांगितलंय.

दाजींना नमस्कार. धाकटीवर माया आहे तशीच असू दे.

तुझी सुभद्रा


लोणखेडे, ता. शहादा
ता. २० फेब्रुवारी २०२५

चि. सुभद्रास,
कमलचे अ. उ. आ.

कापूस वेचायला जायचो तेव्हा काळी पडेन म्हणून तू तोंडाला फडकं गुंडाळून बाभळीखाली बसायचीस. आता तेच ऊन मागतेस होय? मी अजून त्यातच आहे, म्हणून गेल्या वर्षी बैलगाडीवरून पडले तरी उठून चालू लागले. दुधाचं मात्र मला सांगू नकोस. दारात दोन म्हशी, पण दूध डेअरीला जातं, घरात चहापुरतं उरतं.

गावातला निंबा तिकडे येतोय, त्याच्याबरोबर नागलीचं पीठ आणि तीळ पाठवते. पोरीला खाऊ घाल, शेजारणींना वाटत बसू नकोस. आणि घराला गच्ची आहे, तर तुम्ही दोघी खाली का बसता?

हात जप. पत्राची वाट पाहते.

तुझी ताई


बमरोली, सुरत
ता. २६ मार्च २०२५

ती. कमलताईस,
सुभद्राचा शि. सा. न. वि. वि.

नागली पोचली. लाडू केले, वाटले नाहीत.

गच्चीला कुलूप असतं. मंगलाबाई वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं, एकीला सोडलं तर आठही खोल्या कपडे वाळत घालायला येतील. हे ऐकून मी परत आले. हर्षदा मात्र वर गेली आणि म्हणाली, तुमच्या कुरडया कबुतरं खातात, मी राखते. किल्ली मिळाली, कुरडया वाळेपर्यंत. मंगलाबाईंना फुकटची राखण मिळाली.

प्लास्टर निघालं. रोज दहा ते अकरा आम्ही वर असतो. पोरगी पाय पसरून उन्हात बसते, तोंडही झाकत नाही.

कुरडया तीन दिवसांत वाळतात. आज नववा दिवस. खाली येताना हर्षदा त्यांच्यावरून ओला हात फिरवते. मी पाहते आणि कुलूप लावते. काल मंगलाबाई म्हणाल्या, यंदा उन्हात जोरच नाही. हर्षदा हो म्हणाली.

लोभ ठेव.

तुझी सुभद्रा