चुका पोटात घालणाऱ्या काठ्या

तीर्थरूप भाऊजींच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (अगदी शब्दशः साष्टांग. कंबर धरल्यामुळे पलंगावर पालथा पडूनच लिहितोय, अक्षराला हसू नका.) ताईचे गुडघे कसे आहेत? तिला जिने चढू नको म्हणावं. तुम्ही सांगितलंत तर ती मुद्दाम चढेल, तेव्हा माझं नाव सांगा. तुमचे टोमॅटो यंदा भरपूर लागलेत असं तिनं फोनवर सांगितलं. त्या झाडांना आधार म्हणून तुम्ही रोवलेल्या माझ्या जुन्या गोल्फच्या काठ्याही खुशाल असतील अशी आशा करतो.

नव्या काठ्या कशा चालतात ते सविस्तर कळव, असा तुमचा हुकूम होता. त्या तुमच्याच सांगण्यावरून घेतल्या, त्यामुळे ऐकून घेणंही तुमच्याच वाट्याला आलं. दुकानात त्यांना ‘गेम इम्प्रूव्हमेंट आयर्न’ म्हणतात. डोकं रुंद, बूड जाड, पाठ कोरून पोकळ केलेली आणि सगळं वजन कडांना. म्हणजे चेंडू मधोमध न लागता कोपऱ्यावर लागला तरी बऱ्यापैकी जातो. दुकानदार म्हणाला, काका, या काठ्या चुका पोटात घालतात. इतक्या मोठ्या मनाचं आमच्या घरात कुणीच नाही, म्हणून मी लगेच घेतल्या. घाईचं कारण तुम्हाला ठाऊक आहेच. नातीच्या शाळेला सुट्टी लागली की मी आणि विहीणबाई (सूनबाईच्या आई) नऊ होल खेळतो आणि जो जिंकेल त्याच्याकडे नात सुट्टीभर राहते. ही कल्पना माझीच. बाईंनी उभा जन्म जमीन मोजण्याच्या नोकरीत काढला, त्यांना कुठला आलाय खेळ, असं मला वाटलं होतं. सलग तीन वर्षं हरलो. नातीसाठी गॅलरीत झोपाळा टांगलाय, त्यावर आजवर फक्त वाळत घातलेल्या चादरी झुलल्या. मला याचं फार वाईट वाटतं, आणि हे मी तुमच्याखेरीज कुणाला बोललेलो नाही.

महिनाभर सराव केला. पहिल्याच दिवशी चेंडू काठीच्या टोकाला लागला (हाताला झिणझिण्या आल्या, म्हणून कळलं) आणि तरी मुकाट्यानं पुढे गेला. मी इतका हरखलो की शेजारच्या अनोळखी गृहस्थांना चहा पाजला. पण सरावाचं मैदान म्हणजे नुसतं मोकळं रान. किती लांब गेला तेवढंच मी बघत होतो. कुठे गेला हे बघायचं असतं, हे सुचलंच नाही.

आणि घोडं नेमकं तिथेच अडलं. माझा चेंडू गेली वीस वर्षं उजवीकडे वळतो. म्हणून मी डावीकडे नेम धरतो, झेंडा सोडून भलतीकडेच, आणि चेंडू वळसा घेऊन घरी येतो. हे इतकं अंगवळणी पडलंय की पाय आपोआप तिकडे वळतात. सामन्याच्या दिवशी पहिल्या होलला नेहमीप्रमाणे पाण्याच्या टाकीवर नेम धरला. नव्या काठीनं वळणाची चूक पोटात घातली आणि चेंडू नाकासमोर जाऊन टाकीवर आदळला. दुसरा माळ्याच्या शेडवर. तिसरा मॅनेजरच्या खिडकीतून आत गेला (खिडकी उघडी होती आणि मॅनेजर सुट्टीवर, तेवढंच नशीब). चौथ्याचं विचारू नका. विहीणबाई आपल्या छोटे छोटे, सरळ फटके मारत चालल्या होत्या, आणि चार होल झाल्यावर मी चारही हरलो होतो. नात आमच्याबरोबर चालत होती. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, झेंडा इकडे आहे. तुम्ही तिकडे कुणाला मारताय?’’ बत्तीस वर्षं मी लोकांना चष्मे करून दिले, भाऊजी. तिनं माझे खांदे धरून मला झेंड्याकडे वळवलं. त्यानंतरचे चारही होल मी जिंकले.

शेवटच्या होलला आम्ही बरोबरीत. झेंडा एकशेवीस पावलांवर, म्हणजे माझ्या जुन्या सात नंबरचा हुकमी पल्ला. मी नवी सात नंबर घेतली, झेंड्यावर नेम धरला आणि आयुष्यातला सर्वांत सरळ फटका मारला. तो झेंड्याच्या डोक्यावरून क्लबच्या पायऱ्यांखाली गेला. नव्या काठ्यांवर नंबर सातचा असला तरी पल्ला जुन्या सहाचा, म्हणजे जास्त लांबचा असतो, हे दुकानदार बिल करताना पुटपुटला होता. मी एकानं हरलो. पायऱ्यांखाली रांगत जाऊन चेंडू काढला (कंबर तिथेच धरली, असं घरात सांगितलंय). घरी येऊन झोपाळ्यावर चादर वाळत घातली.

तर निकाल असा, की काठ्या कुचकामी आहेत. दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगू नका. ताईला नमस्कार.

आपला, नेम चुकलेला,
धाकटा मेहुणा

ता. क. – मूळ काम राहिलंच. टोमॅटोखालच्या माझ्या जुन्या काठ्या उपटून ताबडतोब पाठवा. झाडांना बांबू लावा, मी आणून देईन. सात नंबरची वाकडी आहे ती तशीच राहू द्या, तुमच्या हाताला सरळ करायची खोड आहे.

आणखी एक – वरचा निकाल खोडावा. दुसऱ्या दिवशी विहीणबाई काठ्या बघायला घरी आल्या. मागच्या मैदानात दहा चेंडू मारले, प्रत्येक त्यांच्या नेहमीपेक्षा वीस पावलं पुढे. मग आत येऊन चहा घेताना बराच वेळ झोपाळ्यावरच्या चादरीकडे बघत बसल्या, आणि म्हणाल्या, सुट्टीभर काठ्या मला द्या, नात तुमच्याकडे राहू दे. काठ्यांसाठी म्हणाल्या की चादर बघून, ते मी विचारलं नाही. नात कालच आली. तिला मला नेम शिकवायचाय आणि घरात एकही काठी नाही. भाऊजी, या काठ्यांना तोड नाही. बेधडक कुणालाही घ्यायला सांगा.

कंबर पायऱ्यांखाली धरलेली नाही. कालपासून मी घोडा आहे. आताही पाठीवर बसून ती विचारतेय की घोडा इतका वेळ काय लिहितोय, म्हणून पुरे करतो.