ओल्या चुन्याची भिंत

बाबा,

आज लेकीला बघायला माणसं येणार म्हणून सकाळपासून घर आवरतेय. अर्ध्यातच झाडू ठेवून तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू जाऊन पंधरा वर्षं झाली. तरी लिहिते.

शिरगावच्या घरी मला बघायला माणसं आली तो दिवस. आईला जाऊन दोन वर्षं झालेली, घरात तू आणि मी. पाहुणे दुपारी यायचे होते, पण शेजारच्या काकी सकाळीच सांगत आल्या, की ते पालघरहून दहाच्या एसटीने निघताहेत. तू नुकताच होडीवरून आलेला, अंगाला मासळीचा वास. ओटीवरचं जाळं तू एकट्याने ओढत मागच्या दारी नेलंस. फाटक्या गोधड्या तांदळाच्या पिंपात कोंबल्यास. वाळत घातलेले बोंबील काकींच्या अंगणात पोचवलेस. मी जमीन सारवून घेतली. एवढं झाल्यावर तुझं लक्ष ओटीच्या काळवंडलेल्या भिंतीकडे गेलं आणि तू चुन्याची बादली काढलीस.

"बाबा, आता कशाला? सुकनार नाय ती," मी ओरडलेच.

"तुजी आय असती तं भिंत अशी ठेवली असती काय?" एवढंच बोलून तू कुंचा फिरवत राहिलास.

माणसं आली. बोईसरला तेव्हा नवे नवे कारखाने निघत होते, त्यातल्या एकात मुलगा कामाला, सालवडला भाड्याच्या खोलीत राहणारा. सोबत त्याचे आईवडील. वडिलांचा इस्त्रीचा गडद निळा शर्ट मला अजून दिसतो. चहा झाला, मला काय काय रांधता येतं ते विचारून झालं. मुलाचे वडील उठून वळले, तर सगळी पाठ पांढरी. मुलाच्या आईने तोंडाला पदर लावला. तू धावत तुझा धुतलेला पंचा आणलास आणि त्यांची पाठ पुसायला लागलास. पुसशील तसा चुना आणखी पसरत गेला.

"चूक माजी हाय," तू म्हणत होतास, "सकाली घाईत चुना मारला. पोरीचा काय नाय त्यात."

ते मान वळवून आपली पाठ बघत होते. मग हसायलाच लागले. "राहू द्या ओ. आमच्याकडं धुरानं भिंत महिनाभर पांढरी राहत नाय. आमच्यासाटी तुमी एवढा केला, बरा वाटला."

लग्न ठरलं. सासऱ्यांनी हा किस्सा आयुष्यभर सांगितला, पण हसताना तुला कधी कमीपणा येऊ दिला नाही. मी त्या घरात गेले ती तुझी पोर म्हणून, आणि त्या मानावर माझी पहिली दोन-चार वर्षं निभावली, जेव्हा माझी भाकरीसुद्धा सासूच्या पसंतीला उतरत नव्हती. सुखाचा संसार झाला, बाबा.

हा कागद कपाटात साड्यांखाली ठेवीन, पाहुण्यांच्या नजरेला पडायला नको. एकच सांगायचं राहिलं. तू चूक आपल्या अंगावर घेत होतास, तेव्हा मी दाराआड गप्प उभी होते. भिंतीला मी आधीच हात लावून पाहिला होता, बोटं पांढरी झाली होती. तरी चटई भिंतीला लागून मीच अंथरली. तुला एकटं टाकून मला कुठेच जायचं नव्हतं.