बाबांसाठी घातलेली बिअर

मर्लताई,

जमिनीखालच्या घरातून धाकट्या भावाचा नमस्कार.

उन्हाच्या काहिलीपासून वाचायला हे घर मी खोदलं, पलंग मी ठोकला, पाण्याची टाकी मी जोडली आणि बाबांसाठी ही पहिली कडक बिअरही मीच घातली. माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या, पाकाचे तीन डबे, वीस लिटर पाणी. बरोबर बावीस अंशांवर यीस्ट टाकलं.

चौथ्या दिवशी बुडबुडे थांबले, आंबणं अर्ध्यावरच राहिलं. गोडवा मोजायची नळी चाळिसावर अडकलीय, अठरापर्यंत उतरायला हवी. शेजारचा स्टाव्रोस म्हणाला, "अरे शहाण्या, तीन डब्यांना यीस्टची एकच पुडी? एका हमालाच्या डोक्यावर अख्खा ट्रक ठेवलास की!" काल दुसरी पुडी घातली. अजून हालचाल नाही.

बाबा जेवतात का? डॉक्टर अजून महिनाच म्हणतात? नुसतं बाटलीत मुरायलाच बिअरला तीन आठवडे लागतील.

"तुझी बिअर म्हणजे साबणाचं पाणी. पण आण, चाखल्याशिवाय मी मरत नाही," असं बाबा फोनवर म्हणाले होते. तेवढंच धरून बसलोय. रिकाम्या हातांनी कसा येऊ, ताई?

मी ठीक आहे, वेळेवर जेवतो. विमानाच्या तिकिटासाठी तू देऊ केलेले सहाशे चाळीस डॉलर मी नको म्हटले, तिकीटही मीच काढीन; माझा हात आखडलाय हे मात्र बाबांना कळू देऊ नकोस.

तुझा,
कॉलिन